झाडूवाल्यांचे कर्नल : जॉर्ज वेअरिंग यांचे चरित्र

चरित्र म्हटले की राजे, सेनापती, संत, कवी अथवा शास्त्रज्ञ यांचीच नावे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. झाडू व कचऱ्याची पेटी यांच्या योगाने ज्यांनी कीर्ती संपादन केली, अशा पुरुषाची कथा वाचण्याचा प्रसंग आपणांस क्वचितच येतो. या अंकात आम्ही अशीच एक कथा सांगण्याचे योजिले आहे. तसे करण्यास एक कारण घडले, ते प्रथम निवेदन करतो.

गेल्या स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शाळेत आलो, तो सभागृहामागे एक मोठा ढीग पडलेला दिसला. उष्टी पाने, कागदी पताका, पेढ्यांचे खोके, फुलांचे हार आणि फुटलेल्या बाटल्यांच्या काचा, सर्व एकत्र. झाडलोट करणाऱ्या मावशी तो ढीग उचलू लागल्या, आणि पानाखाली दडलेली काच त्यांच्या तळहातात खोल रुतली. पंधरा दिवस त्यांना हाताने काम करता आले नाही. हा प्रकार कोणी मुद्दाम केला नव्हता. प्रत्येकाने आपल्या हातातील वस्तू जवळच्या ढिगावर टाकली, एवढेच. त्या ढिगावर आमचेही पान होते, हे येथे कबूल केलेच पाहिजे. त्या दिवसापासून कर्नल वेअरिंग यांचे चरित्र मुलांपुढे ठेवावे, असे आमच्या मनाने घेतले.

जॉर्ज एडविन वेअरिंग यांचा जन्म ४ जुलै १८३३ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क संस्थानात पाउंड रिज या गावी झाला. तरुणपणी त्यांनी शेतकीच्या रसायनशास्त्राचा अभ्यास केला आणि वयाच्या एकविसाव्या वर्षीच, म्हणजे १८५४ साली, शेतकीच्या मूलतत्त्वांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. जमिनीतून जे निघते ते पुन्हा जमिनीला मिळाले पाहिजे, नाहीतर जमीन दरिद्री होते, हा त्या विद्येचा पहिला धडा होय. हा धडा वेअरिंग जन्मभर विसरले नाहीत. पुढे शहरातील केरवाऱ्याकडे त्यांनी ज्या दृष्टीने पाहिले, ती मूळची शेतकऱ्याची दृष्टी होती. काडीकचऱ्याचे खत करणारा आपला शेतकरी त्यांना सहज ओळखीचा वाटला असता.

१८५५ साली त्या काळचे प्रख्यात वृत्तपत्रकार होरेस ग्रीली यांच्या शेताची व्यवस्था त्यांच्याकडे आली. तेथे त्यांनी पाणथळ जमिनीतून पाणी काढून देण्याच्या कामात नाव मिळविले. त्यामुळे १८५७ साली न्यूयॉर्क शहरात सेंट्रल पार्क नावाचे विस्तीर्ण उद्यान उभारण्याचे काम सुरू झाले, तेव्हा तेथील दलदलीचा निचरा करण्याचे काम त्यांच्यावर सोपविण्यात आले. आज लक्षावधी लोक ज्या हिरवळीवर फिरतात, तिच्या खाली वेअरिंग यांनी आखलेल्या नळांचे जाळे पसरलेले होते. उत्तम निचऱ्याचे काम डोळ्यांस दिसत नाही, आणि ज्याचे काम दिसत नाही त्याची आठवण लोकांस राहत नाही.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. गुलामगिरी ठेवू पाहणारी दक्षिणेकडील संस्थाने राष्ट्रापासून फुटून निघाली होती. वेअरिंग यांनी उद्यानाचे काम सोडले व राष्ट्राच्या बाजूने ते सैन्यात दाखल झाले. मिसूरी संस्थानातील चौथ्या घोडदळ पलटणीचे ते कर्नल झाले, आणि ही पदवी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. सैन्यात राहून ते दोन गोष्टी शिकले. शिस्तीवाचून मोठे काम होत नाही, ही पहिली. आणि साध्या शिपायाला आपल्या पलटणीचा अभिमान वाटल्यावाचून शिस्त टिकत नाही, ही दुसरी.

युद्ध संपल्यावर ते न्यूपोर्टजवळील एका शेताचे व्यवस्थापक झाले. १८६७ साली त्यांनी निचऱ्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात शेतीचा नफा आणि मनुष्याचे आरोग्य या दोहोंचा एकत्र विचार केला होता. हळूहळू त्यांचे लक्ष शेतांवरून शहरांकडे वळले. १८७८ साली मेम्फिस शहरात पीतज्वराची भयंकर साथ येऊन पाच हजारांवर माणसे मृत्युमुखी पडली. पुढील वर्षी साथ पुन्हा आली. शहराचे दिवाळे निघाले. अशा वेळी वेअरिंग यांनी मेम्फिससाठी गटारांची नवी योजना आखून दिली. पावसाचे पाणी निराळे ठेवावे आणि घरांतील मैलापाणी लहान व्यासाच्या नळांतून वाहून न्यावे, हे तिचे सूत्र होते. १८८० साली त्या कामास आरंभ झाला. या योजनेवर पुढे इंजिनियरांत पुष्कळ वाद माजला, व तीत दोषही निघाले. तथापि एका खचलेल्या शहरास तिने पुन्हा उभे राहण्याचे धैर्य दिले, यात शंका नाही.

असो. वेअरिंग यांच्या आयुष्यातील ज्या तीन वर्षांमुळे त्यांचे नाव राहिले, त्यांकडे आता वळू.

त्या काळी न्यूयॉर्कची वस्ती पंधरा लाखांहून अधिक होती. मोटारी अद्याप यावयाच्या होत्या. सर्व वाहतूक घोड्यांवर चाले, आणि घोड्यांची संख्या लाखाच्या घरात होती. त्यांची लीद रस्त्यांवर साचे व पावसात तिचा चिखल होई. मेलेली जनावरे कित्येकदा तशीच पडून राहत. रात्री हजारो रिकाम्या गाड्या रस्त्यांच्या कडेला उभ्या असत, त्यामुळे त्यांखाली झाडू पोहोचत नसे. घराघरापुढे एकेक पिंप ठेवलेले असे. त्यात चुलीची राख, उष्टे-खरकटे, चिंध्या, कागद, डबे, सारे एकत्र कोंबले जाई व पिंप भरले की ते पदपथावर सांडे. गोळा झालेला बराचसा कचरा पडावांत भरून समुद्रात टाकीत. भरतीबरोबर तोच पुन्हा किनाऱ्यावर येई आणि शेजारच्या गावांतील लोक नाक दाबून तक्रार करीत. गरिबांच्या चाळींतून तर मुले या घाणीतच खेळत व तिच्यातच आजारी पडत.

रस्ते झाडण्यासाठी सरकारी खाते नव्हते असे नाही. खाते होते, पगार होते, पैसाही खर्च होत होता. परंतु टॅमनी हॉल नावाच्या राजकीय मंडळीच्या हाती शहराचा कारभार होता, आणि झाडूवाल्याची नोकरी ही ज्याने निवडणुकीत मदत केली त्यास देण्याची बक्षिसी होऊन बसली होती. ज्याला काम येते त्यास नोकरी नाही, आणि ज्यास नोकरी आहे त्याला कामाची गरज नाही, अशी स्थिती होती. काम करणाऱ्या प्रामाणिक माणसासही मग लोक त्याच मापाने मोजीत.

१८९४ च्या निवडणुकीत टॅमनी मंडळीचा पराभव झाला आणि विल्यम स्ट्राँग हे नगराध्यक्ष झाले. झाडलोट खात्याचे प्रमुखपद त्यांनी प्रथम थिओडोर रूझवेल्ट यांना देऊ केले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले हे गृहस्थ त्या वेळी नकार देऊन मोकळे झाले. मग वेअरिंग यांना विचारण्यात आले. नेमणुका व बडतर्फी यांत कोणीही राजकीय पुढाऱ्याने हात घालता कामा नये, या अटीवर त्यांनी ते पद स्वीकारले आणि १५ जानेवारी १८९५ रोजी ते कामावर रुजू झाले. त्यांचे वय तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते. ज्या वयात मनुष्य विसाव्याची जागा शोधतो, त्या वयात त्यांनी हा उकिरडा उपसण्याचे काम अंगावर घेतले.

पहिले काम त्यांनी माणसांचे केले. जुन्या नोकरांना त्यांनी सरसकट काढून टाकले नाही. जो काम करील तो राहील, मग त्याचा पक्ष कोणताही असो, असा त्यांनी नियम घातला. आळशी व व्यसनी मात्र गेले. मग त्यांनी झाडूवाल्यांस पांढरा स्वच्छ पोशाख व पांढरी टोपी दिली. घाणीत काम करणाऱ्यास पांढरे कपडे देणारा हा मनुष्य वेडा असला पाहिजे, असे म्हणून लोक हसले. परंतु त्यात दोन हेतू होते. पांढरा मनुष्य दुरून दिसतो, तेव्हा काम सोडून गुत्त्यात शिरण्याची सोय राहत नाही. शिवाय पांढरा पोशाख पाहून लोकांस वैद्याची व रुग्णालयाची आठवण होते, आणि हा मनुष्यही आपल्या आरोग्याचाच रक्षक आहे, हे न सांगता कळते. थोड्याच काळात लोक या कामगारांस कौतुकाने पांढरे पंख म्हणू लागले.

१८९६ च्या मे महिन्यात कर्नलांनी त्या सर्वांची मिरवणूक काढली. बँडच्या तालावर, हातगाड्यांसह, ओळीने पावले टाकीत ते शहराच्या मुख्य रस्त्याने गेले. त्यांच्या पुढे घोड्यावर स्वतः कर्नल होते. टिंगल करण्यासाठी जमलेल्या लोकांनी अखेर टाळ्या वाजविल्या. ज्या मनुष्याकडे कालपर्यंत कोणी मान वर करून पाहत नव्हते, त्याची बायकामुले त्या दिवशी गर्दीत उभी राहून त्याला पाहत होती. या एका दिवसाने जे साधले, ते शंभर दंडांनी साधले नसते, असे आम्हास वाटते.

कामगारांच्या गाऱ्हाण्यांसाठीही त्यांनी व्यवस्था लावली. कामगारांनी आपल्यांतून निवडलेल्या ४१ जणांची एक समिती केली. तिला जे प्रश्न सुटत नसत ते दहा जणांच्या मंडळापुढे जात. त्यांत पाच कामगारांचे व पाच अधिकाऱ्यांचे प्रतिनिधी असत. बहुतेक तक्रारी तेथेच मिटत. झाडूवाला आपल्या साहेबाच्या समोर समान आसनावर बसून बोलतो, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

दुसरे काम त्यांनी घरांचे केले, आणि हेच अधिक कठीण होते. रस्ता झाडणे सरकारच्या हाती असते. पिंपात काय पडावे हे मात्र घरातील माणसांच्या हाती असते. वेअरिंग यांच्या ध्यानात आले की कचरा हा एक पदार्थच नव्हे. राख, खरकटे व सुक्या वस्तू हे तीन निरनिराळे माल आहेत. ते वेगळे असले तर प्रत्येकाचा काही उपयोग होतो. एकत्र झाले तर तिन्ही निरुपयोगी होतात. राखेत मिसळलेल्या अन्नाचे खत होत नाही, आणि खरकट्यात भिजलेल्या कागदास कोणी रद्दीवाला हात लावीत नाही. म्हणून १८९६ साली त्यांनी नियम केला की प्रत्येक घराने या तीन वस्तू तीन वेगळ्या भांड्यांत ठेवाव्या, आणि खात्याच्या गाड्यांनी त्या वेगळ्याच उचलाव्या.

त्यांतील राख सखल जागी भराव घालण्यास जाऊ लागली. खरकटे बॅरन नावाच्या बेटावरील कारखान्यात नेऊन वाफेने शिजवीत व दाबीत. त्यातून निघालेली चरबी साबणासारख्या जिनसांच्या कामी येई, आणि उरलेल्या चोथ्याचे खत होई. चिंध्या, कागद, बाटल्या, धातू निवडून विकले जात व त्यांचे पैसे शहरास मिळत. या कारखान्याची दुर्गंधी आसपासच्या लोकांस फार सोसावी लागली, हेही सांगितले पाहिजे. कोणतीही व्यवस्था पहिल्याच दिवशी निर्दोष होत नाही. परंतु जे समुद्रात फेकले जात होते त्यात मोल आहे, हे त्यांनी एका महानगरास दाखवून दिले.

आता मुलांनी विशेष लक्ष देऊन वाचावे. शहराच्या ज्या भागांत परदेशांतून आलेली गरीब कुटुंबे दाटीने राहत, तेथील पुष्कळ आईबापांना इंग्रजी वाचता येत नसे. सरकारी हुकमाचा कागद त्यांच्या दारात लावून काय उपयोग? त्यांची मुले मात्र शाळेत जात. तेव्हा वेअरिंग यांनी मुलांचीच मंडळे स्थापिली. प्रत्येक मंडळातील मुलामुलींना बिल्ला मिळे. आपल्या रस्त्यावर कोठे घाण दिसली, कोणास समजावून सांगितले, त्याने ऐकले की नाही, याचा अहवाल मुले कर्नलांकडे लिहून पाठवीत. केळ्याची साल रस्त्यावर टाकणाऱ्या मोठ्या माणसालाही ती नम्रपणे थांबवीत. घरी जाऊन आईला तीन भांड्यांचा नियम तिच्या भाषेत सांगत. हजारो मुले या मंडळांत आली. जो निरोप अधिकाऱ्यांना उंबरठ्याच्या आत नेता आला नाही, तो मुलांनी थेट स्वयंपाकघरात पोहोचविला.

या तीन वर्षांत न्यूयॉर्कचे रूप पालटले. रात्री उभ्या राहणाऱ्या गाड्या रस्त्यांवरून हलल्या, गरीब वस्तीतील गल्ल्याही झाडल्या जाऊ लागल्या, हिवाळ्यातील बर्फ लवकर उचलला जाऊ लागला. गरिबांच्या वस्त्यांविषयी ज्यांनी आयुष्यभर लिहिले, त्या जेकब रीस यांनी वेअरिंग यांच्या कामाची मनापासून वाखाणणी केली. शहरातील मृत्यूंचे प्रमाणही या काळात खाली आले. त्याचे सर्व श्रेय झाडूलाच देणे न्याय्य होणार नाही, कारण घटसर्पावरील नवे औषध त्याच सुमारास उपयोगात आले होते. परंतु झाडूचा वाटा त्यात होता.

कर्नल निर्दोष होते, असे आम्ही म्हणत नाही. ते तापट होते व त्यांची जीभ तिखट होती. युद्धातील जुन्या सैनिकांच्या संघाविषयी त्यांनी एकदा असे कडक शब्द वापरले की पुष्कळ लोक त्यांच्यावर संतापले. पुढे १८९७ च्या निवडणुकीत टॅमनी मंडळी पुन्हा विजयी झाली आणि वेअरिंग यांस पद सोडावे लागले.

१८९८ साली स्पेनशी झालेल्या युद्धानंतर क्यूबा बेट अमेरिकेच्या ताब्यात आले. हवाना शहर पीतज्वराचे माहेरघर समजले जाई. ते स्वच्छ कसे करावे याची पाहणी करण्यासाठी राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्या सरकारने वेअरिंग यांस तिकडे पाठविले. धोका ते जाणत होते. मेम्फिसची हकीगत त्यांच्याहून अधिक कोणास ठाऊक असणार? ऑक्टोबरात पाहणी आटोपून ते न्यूयॉर्कला परत आले, ते ताप अंगात घेऊनच. २९ ऑक्टोबर १८९८ रोजी त्याच पीतज्वराने, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

येथे एक गोष्ट मुलांनी समजून घ्यावी. घाणीतून उठणाऱ्या दूषित वायूने पीतज्वर होतो, असे वेअरिंग समजत होते. ते चुकीचे होते. क्यूबातील डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ सालीच डासांवर संशय घेतला होता, आणि वेअरिंग यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १९०० साली, वॉल्टर रीड यांच्या मंडळाने तो खरा असल्याचे सिद्ध केले. आपल्या मुंबईतही १८९६ साली प्लेग आला तेव्हा लोकांनी हवेला व घाणीला दोष दिला. उंदरांवरील पिसवांचा शोध मागाहून लागला. तेव्हा थोर मनुष्याचे ज्ञानही अपुरे असू शकते. परंतु घाण दूर करण्यात वेअरिंग यांनी चूक केली असे कोण म्हणेल? त्यांची उपपत्ती मागे पडली, त्यांचे काम पडले नाही.

अर्थात कामही सारखे टिकले नाही. तीन भांड्यांची शिस्त पुढे ढिली होत गेली. न्यूयॉर्कने कचरा समुद्रात टाकणे १९३४ साली, सर्वोच्च न्यायालयाच्या आज्ञेनंतर, बंद केले. घरातील कागद, काच व धातू वेगळे ठेवण्याचा कायदा त्या शहराने १९८९ साली पुन्हा केला, म्हणजे वेअरिंग यांच्या नियमानंतर ९३ वर्षांनी. मधल्या पिढ्यांनी जे विसरले ते नातवंडा-पतवंडांस नव्याने शिकावे लागले.

आपल्याकडेही २०१६ साली भारत सरकारने जे नियम केले, त्यांत ओला, सुका व घातक असे घरच्या कचऱ्याचे तीन वर्ग सांगितले. पुण्यात कचरा वेचणाऱ्या स्त्रियांनी आपली सहकारी संस्था स्थापून २००८ साली महापालिकेशी करार केला, आणि त्या ओळखपत्र घेऊन घरोघरी कचरा गोळा करू लागल्या. उकिरड्यावर वाकणारी बाई दारात ताठ उभी राहू लागली. पांढऱ्या पोशाखाच्या त्या मिरवणुकीतील तत्त्व हेच नव्हते काय?

पालकांस आमची नम्र विनंती आहे की आपले मूल जर घरी येऊन दुसरी बादली मागू लागले, तर त्यास हसू नये. घंटागाडी दारात येते, ती आपण दिलेलेच घेऊन जाते. आपण एकत्र करून दिले तर ते सोडविण्याचे काम कोणाच्या तरी उघड्या हातांवर पडते, आणि ते हात आपल्याला दिसत नाहीत, म्हणून दुखतच नाहीत असे नव्हे.

मावशींचा हात आता बरा झाला आहे. तळहातावर वण मात्र राहिला आहे. पुढील स्नेहसंमेलनात सभागृहामागे तीन पिंपे ठेवण्याचे आम्ही ठरविले आहे, आणि फुटकी काच कागदात गुंडाळून वेगळी द्यावयाची आहे. पिंपांजवळ उभे राहण्यास स्वयंसेवक पाहिजेत. पहिले नाव आम्ही आमचे लिहिले आहे. पुढील नावे तुमची यावीत.